वायर आधी मागच्या खोलीत

मुरुडला आमच्या कोळीवाड्यात कुणाच्या टीव्हीचं चित्र बिघडलं की अँटेनावाले चाचा यायचे आणि टीव्हीकडे ढुंकूनही न बघता विचारायचे, "घरात बीमार मानूस कुठं निजतो?" मस्कतला वायरमनचं काम करून परतलेले चाचा पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा मला वाटलं, हे टीव्ही बघायला आलेत की नाडी?

आमचा अँटेना मी माडाला बांधला होता. आयता उंच खांब मिळाला म्हणून शहाणपणा केला. वारा सुटला की माड डुले आणि बातम्या देणाऱ्या बाईंचे दोन चेहरे होत. "माड कदी सरळ उभा ऱ्हातो का?" एवढंच म्हणून चाचांनी भिंतीला लोखंडी पाइप ठोकला. खाऱ्या हवेनं सांधा गंजू नये म्हणून त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. ते वर पाइप फिरवत होते आणि खिडकीतून आई ओरडत होती, "आयलं! आयलं! गेलं!"

खरा प्रश्न बाबांचा होता. जन्मभर मासेमारीच्या बोटीवर तांडेलकी केलेले, बोट हाकलेले बाबा अर्धांगवायूनं मागच्या खोलीत पडून होते. माझा धाकटा भाऊ बोटीवर असे, म्हणून संध्याकाळी हवामानाचा नकाशा बघायचा, एवढाच त्यांचा हट्ट. पण अँटेना एक, टीव्ही दोन. पुढच्या खोलीतून फिरून गेलेली वायर बाबांच्या जुन्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दाखवी. चाचांनी ती उलटी फिरवली. आधी बाबांची खोली, उरलंसुरलं पुढे. आता मुंग्या आमच्या नव्या रंगीत टीव्हीवर! मी चिडलो. चाचा शांतपणे म्हणाले, "तुमी उठून तिकडं जाल. ते उठून इकडं येनार हायत का?"

दोन दिवस मी हट्टानं पुढच्या खोलीत मुंग्याच बघत बसलो. पण आठवड्याभरात सगळं घर मागच्या खोलीत जेवू लागलं. नकाशा बघून बाबा भावाची बोट कधी बंदरात लागेल ते सांगत, आणि आम्ही ऐकत असू. पुढे ते गेले तेही भरल्या खोलीत. त्यासाठी मी चाचांचा कायमचा ऋणी आहे. त्यांना हे सांगायचं मात्र राहून गेलं. आता तेही नाहीत.

परवा इंटरनेटची पेटी बसवायला एकजण आला. "हॉलमध्येच लावू ना?" मी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथं आता आई अंथरुणाला खिळली आहे. मुंबईची नातवंडं तिला मोबाइलवर भेटतात.

"पुढं रेंज कमी येईल हां."

"येऊ दे. आम्ही उठून तिकडे जाऊ."

आतून आईचा आवाज आला, "चाचा आयलंत का रं?"