विश्राम तांडेलाचा नारिंगी तारा

दातिवऱ्याच्या विश्राम तांडेलाची नजर म्हणजे काय सांगावं! समुद्रात लांबवर दिवा लुकलुकला, की बोट कुणाची ते सांगून मोकळा. पुढे बोटीचं सुकाणू आणि तांडेलकी मुलाच्या, ललितच्या हाती गेली आणि म्हाताऱ्याची दुर्बीण आभाळाकडे वळली. तीन पांढऱ्या ताऱ्यांच्या मधोमध त्याला एक मिणमिणता नारिंगी तारा सापडला. नुसत्या डोळ्यांना तो दिसायचाच नाही. नात वैष्णवी कॉलेजात शिकते, पण तिला तो दुर्बिणीतूनही कधी धड सापडला नाही.

"आजोबा, खरंच नारिंगी असला तर तो सूर्याहून थंड," ती म्हणाली. "असे लहान तारे जपून जळतात. सूर्य विझला तरी टिकतात."

"आपल्या सुलूसारखाच हाय. थोडक्यात घर चालवतो." बायकोचं नाव घेऊन म्हातारा हरखला.

ललितने मात्र विरजण घातलंच. "बाबा, मोतीबिंदूला सगळंच पिवळं दिसतं. तारा नाय, तुमचा डोळा नारिंगी हाय."

झालं! विश्रामला ते लागलं ते लागलंच. दोन वर्षं ऑपरेशन टाळत राहिला. भीती एकच, डोळा साफ झाला आणि तारा पांढरा निघाला तर? शेवटी सुलूने दंडाला धरून पालघरला नेलं आणि उजवा डोळा करून आणला.

पट्टी सुटली तशी स्वारी थेट बोटीकडे. गेल्या पावसाळ्यात बोटीवर त्याने स्वतः काळा पट्टा मारला होता. बघतो तर पट्टा निळाशार! साऱ्या गावाला दिसत होतं, पण तांडेलाला चुकला म्हणणार कोण? म्हातारा दुपारी जेवला नाही. पट्टा गेला, आता तारापण जाणार, एवढंच डोक्यात.

अंधार पडल्यावर वैष्णवीने त्याला किनाऱ्यावर नेलं, मागोमाग ललितही आला. बोटीच्या काठावर कोपरं टेकून त्याने आधी जुन्या डोळ्याने पाहिलं. तिन्ही पांढरे तारे पिवळट, मधला नारिंगी. मग तो डोळा मिटला आणि नवा लावला. तिन्ही निळसर पांढरे झाले. दुर्बीण मधे सरकवली.

नारिंगी! होता तस्सा नारिंगी! आनंदाने त्याचे पाय वाळूत ठरेनात.

ललितने दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं. "हाय बाबा. नारिंगीच हाय."

विश्राम घराकडे वळून ओरडला, "गो सुलू, दुसऱ्या डोळ्याला कदी नेतेस?"