डोलकरने क्षमा केली नव्हती

डोलकर गेल्याचं तिच्या भाचीने फोन करून सांगितलं. कर्नाटकातल्या त्यांच्या तिबेटी वसाहतीत, झोपेतच गेली म्हणे. मी नगरच्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत डोळे पुसत बसलो होतो, तोच भाचीनेच पुढे पाठवलेला शोकसंदेश मोबाईलवर आला. वसाहतीतल्या निर्वासित तिबेटी पत्रकारांची एक छोटी संघटना आहे, तिच्या अध्यक्षाचा. ‘आमची ही भगिनी करुणेची मूर्ती होती. तिने सर्वांना क्षमा केली होती.’ सर्वांना! माझं रडूच आटलं. साफ खोटं आहे हे. त्या अध्यक्षाला तिने क्षमा केली नव्हती, आणि ते जगाला कळावं म्हणूनच मी हे लिहितोय.

दर हिवाळ्यात तिबेटी लोक नगरला स्वेटर विकायला येतात आणि दर हिवाळ्यात मी बातमी द्यायचो, ‘थंडी वाढली, तिबेटी बाजार गजबजला.’ एका वर्षी स्टॉलवरच्या बाईने मला हटकलं. “भाऊ, तुमी मागच्या साली पण हेच लिवलं. आमाला काय फक्त थंडी वाजते?” ती डोलकर. वसाहतीत ती तिबेटी साप्ताहिकात लिहायची, पण त्यावर पोट भरत नसे, म्हणून हिवाळाभर लोकर विकायची. तिचं मराठी गिऱ्हाइकांकडूनच उचललेलं. काष्टीहून आलेल्या एखाद्या आजीबाईंच्या डोक्यावर कानटोपी चढवून “लई ग्वाड दिसता, घ्या आता” म्हणायची, की आजीबाई लाजून घेऊनच टाकत.

तिचं दुखणं मला कळलं ते भंडारदऱ्याला. तिला डोंगर बघायचे होते, म्हणून मी आणि माझी बायको तिला घेऊन गेलो होतो. पाण्याकाठी बसून ती अचानक बोलायला लागली... लहानपणी ती मामाबरोबर डोंगर ओलांडून इकडे आली, धाकटा भाऊ आईजवळ तिबेटातच राहिला. मोठा होऊन तो गावच्या शाळेत मास्तर झाला. शाळेतून तिबेटी भाषा कशी काढून टाकली, हे त्याने तिला फोनवर सांगितलं आणि तिने ते टिपणासाठी ध्वनिमुद्रित केलं. संघटनेच्या कचेरीतल्या संगणकावरून ते एका सहकाऱ्याने उचललं आणि परदेशातल्या एका परिषदेत जसंच्या तसं ऐकवलं. आवाजसुद्धा बदलला नाही. टाळ्या त्याला मिळाल्या. थोड्याच दिवसांत भावाला पोलीस घेऊन गेले. त्यानंतर त्याचा ठावठिकाणा नाही.

“मग संघटनेने काय केलं?” बायकोने विचारलं.

“खेदाचा ठराव केला. मला म्हणाले, आपण बुद्धाची माणसं, सोडून दे. मी म्हटलं, तुमी सोडा. भाऊ माझा हाय.”

पुढे तोच सहकारी अध्यक्ष झाला. डोलकरने संघटना सोडली नाही. वार्षिक सभेत ती पहिल्या रांगेत, बरोब्बर त्याच्या समोर बसायची आणि अवाक्षर न बोलता त्याच्याकडे बघत राहायची. तो भाषणात अडखळायचा. ते मला सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं, ते करुणेच्या मूर्तीचं खासच नव्हे.

आणखी एक होतं. एका वर्षी आम्ही लोसरला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, तिच्याकडे गेलो होतो. घरात तळणाचा वास, पाहुण्यांची ये-जा. सकाळी सकाळी तिने फोन लावला, आम्हालाही कळावं म्हणून मुद्दाम हिंदीत एकच वाक्य विचारलं, “त्याचं काही कळलं?” पलीकडचं ऐकलं आणि फोन ठेवला.

“कोण होतं?”

“अध्यक्ष. दर लोसरला मी पहिला फोन त्यालाच करते. सण गोड जाऊ नये त्याचा.” आणि आमच्यासाठी लोणी घातलेला खारा चहा ओतायला लागली.

यंदाचा लोसर ती गेल्यावर आला. भाचीकडून अध्यक्षाचा नंबर घेऊन मी सकाळीच फोन लावला.

“टाशी देलेक!” पलीकडून प्रसन्न आवाजात नव्या वर्षाच्या शुभेच्छा आल्या.

“त्याचं काही कळलं?”

मागे मुलांचा गलका होता. मग दार लावल्याचा आवाज.

“कोण बोलतंय?”

“डोलकरचा मित्र. नगरहून.”

“पण ती तर आता...”

“तिच्या भावाचं विचारतोय.”

मग अगदी हळू, “नाही कळलं.”

मी फोन ठेवला. बायको दारात उभी होती. “झालं समाधान?”

नव्हतं झालं. पण लोसर आपल्या कॅलेंडरात छापलेला नसतो, तेव्हा पुढच्या वर्षीची तारीख आधीच कळव, असं भाचीला सांगून ठेवलंय.