आईचं ‘व्हय’

माझी आई समोरचं माणूस बोलायला लागलं की ‘व्हय’ म्हणत राहते. तो होकार नसतो. आमच्या जत तालुक्यात कुणी काही सांगत असेल तर ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, नाहीतर सांगणारा म्हणतो, “मी काय भिताडाशी बोलतोय व्हय?” गोष्ट असो, भांडण असो, मयताची बातमी असो, आईचा हुंकार एकच. खरोखर मनातून काही हवं असलं की मात्र तिच्या तोंडून कानडी निघते, ‘हौदु’, म्हणजे होय. तिचं माहेर सीमेपलीकडचं. मेंढ्या मोजणं, देवाला हाक मारणं, रागावणं, सगळं ती कानडीत करते.

माझं ‘व्हय’ शाळेतल्या मराठीच्या सरांनी सोडवलं. “होय म्हण, गड्या. उद्या मुलाखतीला बसशील तेव्हा माझी आठवण काढशील,” ते म्हणायचे. आठवण रोज निघते. दहावीनंतर त्यांनी मला सायकलवर डबलसीट बसवून तालुक्याला नेलं नसतं तर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालोच नसतो. आता मी सांगलीत एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि आमच्याच गावाच्या बोलीवर संशोधन करतो. म्हणजे सरांनी जे सोडवलं तेच पुन्हा गोळा करतो. सरांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले.

त्या संशोधनासाठी मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांची बोलणी ध्वनिमुद्रित केली होती. ती लॅपटॉपवर ‘गाव’ नावाच्या फोल्डरमध्ये होती. त्यातली काही माणसं आता हयात नाहीत. या आवाजांची दुसरी प्रत कुठंही नव्हती. करायची, करायची म्हणत राहून गेली होती.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत झालं. ती खाटेवर असतानाच मी म्हणालो, “आता तिकडं एकटीनं कशाला राहायचं? मेंढरं काका बघतील. तू कायमचीच माझ्याकडं ये.” आई म्हणाली, “व्हय.” मी तिला सांगलीला घेऊन आलो.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, आणि डॉक्टरांनी जिने बंद केलेले. एकच खिडकी, तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. आई दिवसभर खाटेवर बसून त्या भिंतीकडं बघायची. मी कॉलेजला जाताना तिच्यासाठी ‘गाव’ लावून जायचो. लॅपटॉपमधून शेजारपाजारच्या बायका बोलायच्या आणि आई त्यांना हुंकार द्यायची. त्यांच्यातल्या वारलेल्या अक्कालासुद्धा. “व्हय अक्का, लय वंगाळ झालं बग.” तिच्या दिवसात एवढीच काय ती सोबत होती.

त्याच लॅपटॉपवर मी एआय साहाय्यक बसवला होता. तोंडी सांगितलं की तो फायली उघडतो, हलवतो, टंकतो. सुरुवातीला त्याला पुस्तकी मराठीच कळायची. मी सांगितलं, ‘व्हय’ म्हणजे ‘होय’ समज. त्यानं ते लक्षात ठेवलं. आमच्या गावच्या शब्दाला कुणी खुर्ची दिल्यासारखा मला आनंद झाला होता.

एके दिवशी डिस्क भरली आणि माझ्या प्रबंधाचं प्रकरण जतन होईना. मी साहाय्यकाला म्हणालो, “जागा मोकळी कर. पण विचारल्याशिवाय काही पुसू नकोस.” काम लांबणार होतं आणि माझा तास जवळ आलेला. लॅपटॉप तसाच चालू ठेवून निघालो. आपण पुरेशी काळजी घेतली, असंच वाटत होतं.

दुसऱ्या तासाआधी आईचा फोन आला.

“बाळा, तुजं यंत्र बोलत हुतं.”

“काय म्हणालं?”

“लय आदबीनं बोलतंय. म्हनलं, गाव लय जागा खातंय. मी म्हनलं, व्हय. मग म्हनलं, कायमचं पुसून टाकू का.”

“मग?”

“मी व्हय म्हनलं. येवढं कुनी इचारतंय तर गप कसं बसायचं रं?”

“आई, आता ते काहीही बोललं तरी तोंड उघडू नको. एक शब्द नाही.”

“व्हय,” आई म्हणाली. मी घाईनं फोन कापला.

लॅपटॉपचं झाकण बंद करायला सांगायचं सुचलं ते त्यानंतर. पण पुन्हा फोन लावला असता तर तिनं उचलून पहिला शब्द ‘व्हय’ हाच काढला असता. आणि मी निघूही शकत नव्हतो. त्या तासाला प्राचार्य मागच्या बाकावर बसायचे होते. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं. मी खडू हातात घेऊन बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “सर, हे वाक्य तुमी आत्ताच लिवलंय.” फळ्यावर एकाखाली एक तेच वाक्य होतं. अक्काचा आवाज आता गेला असेल की जायचा असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तास संपल्यावर रिक्षा केली, तर पुलावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. ना पुढं जाता येत होतं, ना उतरून पळता येत होतं.

जिने चढून दार उघडलं. आई खाटेवर होती, पदराचा बोळा तोंडात धरून. तिनं डोळ्यांनीच लॅपटॉपकडं खुणावलं. पडद्यावर ओळी होत्या: ‘मला “व्हय” असं ऐकू आलं. पण हा फोल्डर पुसला तर परत आणता येणार नाही. नेमकं काय पुसायचं ते कृपया तुमच्या शब्दांत सांगा. तोवर मी काही करणार नाही.’

मी फोल्डर उघडला. सगळे आवाज जागच्या जागी होते. मी म्हणालो, “थांब. गावाला हात लावू नकोस.”

“ठीक आहे. ‘गाव’ तसाच ठेवला आहे,” लॅपटॉप म्हणाला.

आईनं पदर सोडला. “आता बोलू का?”

“बोल.”

“शेजारीन हाका मारत हुती. मी ओ दिली न्हाई. म्हनंल, म्हातारी मेली का काय.” मी हसलो. ती हसली नाही. “येका दुपारीत जीव गुदमरला बग. बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई, खाली उतरायचं न्हाई...” आणि पुन्हा पदर तोंडाशी धरून बसली. नकळत जास्त बोलून गेल्यासारखी.

बोलायची बंदी त्या दुपारपुरती होती. बाकीच्या दोन तर रोजच्याच.

मी तिच्याजवळ बसलो. यंत्रानं तिच्या ‘व्हय’वर विसंबून न राहता पुन्हा विचारलं होतं. मी दवाखान्यातल्या खाटेपाशी एकदाच विचारलं होतं, आणि तेही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

“आई, इथं कायमचं राहायचंय का तुला?”

“व्हय,” भिंतीकडं बघत ती म्हणाली.

“हुंकार नको देऊ. तुझ्या शब्दांत सांग.”

तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. “मेंढरं वळखत्याल का रं मला आता?”

“गावाला जायचं?”

“तुला राग यील.”

“नाही येणार. डॉक्टरांना विचारू आणि जाऊ. जायचंय?”

“हौदु,” आई म्हणाली. मग मला ऐकू गेलं नसेल असं वाटून मोठ्यानं, “हौदु!”

“माफ करा, मला समजलं नाही,” लॅपटॉप म्हणाला.

“तू गप रं भाड्या,” आई म्हणाली. “तुला कुनी इचारलंय?”