आबांची नर्सबाई

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास आमच्या पिंपळीत आलेली नर्सबाई म्हाताऱ्या माणसाला "दुखतंय का?" असं कधी विचारत नसे. ती विचारायची, "आज दुखण्यापायी काय करायचं राहिलं?" माझे वडील, आबा, "दुखतंय का"ला सदा "न्हाय" म्हणणारे. या प्रश्नावर मात्र पहिल्याच दिवशी बोलते झाले. "बाई, धा दिस झालं, मळ्याकडं गेलो न्हाय. मोरीत उठबस व्हईना." मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. मी त्यांची एकुलती एक लेक, लग्नानंतरही त्यांच्याजवळच राहणारी, रोज त्यांचे पाय चेपणारी, आणि मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चहा मी तिला दिला, पण मनापासून दिला नाही.

मग तिने घरातल्या सगळ्या दुखण्याच्या गोळ्या मागितल्या. उशाखालून, कोनाड्यातून, बंडीच्या खिशातून त्या निघाल्या. शाळेत शिकवून येताना मी मेडिकलमधून आणलेल्या, एमआयडीसीतल्या कामावरून येताना माझ्या नवऱ्याने आणलेल्या, शेजारच्या तात्यांनी दिलेल्या. तिने खाटेवर तीन ढीग केले. "रंग निराळे हायेत आबा, औषध एकाच जातीचं. तिन्ही मिळून पोट जाळतील, किडनी खराब करतील. शेजाऱ्याची चप्पल घालावी, गोळी घिऊ न्हाई." आबा खळखळून हसले. मला वाटलं, माझ्या गोळीवरच हसले.

तिने स्वतः सोबत येऊन त्यांना बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्तदाबाची गोळी कुठली चालू आहे ते पाहिलं, आणि जुन्या सगळ्या दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या. त्याऐवजी तापावर देतात ती साधी गोळी, ठरल्या वेळी, ठरली तेवढीच. शिवाय शेक, गुडघ्याचा व्यायाम आणि हातात काठी. येताना एस्टीत ती आबांना म्हणाली, "दुखणं समदं जाणार न्हाय. पर तुमाला मळ्यापतुर न्हेणार."

आणि तिने नेलं. महिनाभरात आबा काठी टेकत बांधावर जाऊन उसाला पाणी सुटलेलं बघून आले. घरी येऊन त्यांनी ही बातमी मला सांगितली नाही. ओट्यावर बसून तिची वाट पाहत राहिले. तिची पांढरी साडी वळणावर दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा. त्या साडीचाही मला राग यायचा.

एकदा ती चार दिवस माहेरी पळसदेवला गेली. थंडी वाढली, आबांचा गुडघा सुजला. मी हट्टाने माझी जुनी गोळी काढली. "घ्या आबा, हिनं झोप लागायची." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूट घेतली. चारही दिवस घेतली. पाचव्या दिवशी सकाळी त्यांना डांबरासारखं काळं परसाकडला झालं आणि ते भिंत धरून खाली बसले.

मी अनवाणी आरोग्य उपकेंद्राकडे धावले. ती नुकतीच आली होती. तिने घरी येऊन आबांची नाडी पाहिली, जीप मागवली. "पोटात रक्तस्राव हाय. दुखण्याची गोळी कुणी दिली?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "मीच घेतली, बाई. लेकीला ठावं न्हाय."

तिला कळलं होतं. जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरांना खरं सांगा, ताई. कुठली, किती. त्यांना उपेग व्हईल." मी सांगितलं. आबा सहा दिवस दवाखान्यात राहिले, दोन बाटल्या रक्त चढलं, आणि वाचले. त्या सहा दिवसांत ती मला एक शब्द लागेल असा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला तिचा राग करता आला असता.

पुढल्या वर्षी तिची बदली इंदापूरकडे झाली. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. आबा त्यानंतर चार वर्षं जगले. शेवटपर्यंत स्वतःच्या पायाने मोरीत गेले.

ते गेले तेव्हा ती निरोप मिळताच दोन एस्ट्या बदलून आली आणि अंगणात बायकांच्या मागे उभी राहिली. मी तिचा हात धरून तिला पुढे आणलं, आबांच्या पायाशी बसवलं. ती हमसून हमसून रडली. मला सकाळपासून रडू फुटत नव्हतं. त्या घडीलाही मला तिचा हेवा वाटला.