सुभेदारांची बिनटपाची गाडी

"आता दुसरी बाजू बघू," असं म्हणून सुभेदार चहाचा कप खाली ठेवायचे आणि मी हातातला पाना. कोरेगावातल्या माझ्या गॅरेजात त्यांनी जवळजवळ दोन वर्षं एकच विषय लावून धरला होता. कापडी टप मागे सरकवता येणारी, दोनच माणसांची, बुटकी लाल गाडी घ्यावी की नको?

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. घेतही नाही आणि नाद सोडतही नाही.

"ऊन लागंल. उसाच्या ट्रॉलीमागं धूळ खावी लागंल. स्पीडब्रेकरवर बूड घासंल. बुटकी म्हंजी बसाय सोपी, पन उठाय लय अवघड."

"मग नका घेऊ," मी दमून म्हणायचो.

"आरं गड्या, पन तिला बंद गाडी लागती न्हवं!"

खरं कारण तेवढंच. बंद गाडीत बसलं की त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, उलट्या सुरू व्हायच्या. पूर्वी सुभेदार त्यांना मोटारसायकलवरून शिराळ्याला माहेरी न्यायचे, पण पाठीच्या ऑपरेशननंतर तेही संपलं. फौजेत त्यांनी अर्धा देश पाहिला आणि इकडे बायकोला म्हातारी आई दिसेना, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

शेवटी सांगलीहून जुनी गाडी आणलीच. पण एवढा हिशेब करणाऱ्या माणसाच्या ध्यानातून नेमकी एक गोष्ट सुटली. पारावर बसलेल्या थोरल्या दिरांसमोरून, उघड्या गाडीत नवऱ्याशेजारी बसून जायला काकू काही केल्या तयार होईनात.

"लाज वाटती बाई मला," त्या म्हणायच्या.

टप लावावं तर उलटी. मग काकू मागच्या पांदीनं ओढ्यापर्यंत चालत जायच्या, सुभेदार रिकामी गाडी तिथं आणायचे, टप काढायचे आणि दोघं शिराळ्याला निघायचे. आईच्या भेटी सुरू झाल्या. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री सुभेदारांच्या छातीत दुखू लागलं. मुलानं त्यांना रुग्णवाहिकेतून सांगलीला नेलं. सकाळी त्याचा मला फोन आला, "आईला घिऊन या. लगेच."

मी लाल गाडी काढली. "काकू, ओढ्यापाशी थांबतो," म्हणालो.

"न्हाई," त्या म्हणाल्या, "हितंच बसते. तेवढा येळ न्हाई."

पारापाशी आलो तसे थोरले दीर उठून उभे राहिले. काकूंनी तिकडं पाहिलंही नाही. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं खांद्यावर आला, तोही सावरला नाही.

"जरा जोरात घ्या," एवढंच त्या म्हणत होत्या.

मी घेतली. तरी उशीरच झाला.