बुटांसकट

आमचा गीझरवाला वाकडमधल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये शिरताना बूट बाहेर काढतो आणि पायपुसण्यावर तीनदा पाय घासतो. "लादी खराब होते, साहेब!" कितीही घाई असो. काल मात्र बायकोनं दार उघडलं, आतली गीझरची खदखद त्याच्या कानावर पडली आणि गडी बुटांसकट धावलाच! मेन स्विच पाडला, मला बाथरूममधून खेचून बाहेर काढलं. थर्मोस्टॅट अडकला होता, पाणी तापतच चाललं होतं. पण गीझर थंडावल्यावर त्यानं बोट ठेवलं ते जादा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हवर. सारखा ठिबकतो म्हणून मीच त्याचं तोंड पुट्टीनं बुजवलं होतं.

"अहो राव, तो गळत नव्हता, तुम्हाला वाचवत होता!" पहिल्यांदाच ओरडला माझ्यावर. मग खाली बघून ओशाळला, फडकं मागू लागला.

मी दिलं नाही. हॉलभरचे ते बुटांचे ठसे मीच पुसले, गुडघे टेकून.