आप्पांचा सोमवार

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी लातूरच्या बसमध्ये बसून मांडीच्या स्नायूंची नावं पाठ करत होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पोराची परीक्षा हाय का?"

"न्हाई, माझीच."

त्यांनी माझ्या दंडांकडे पाहिलं आणि खिडकीकडे जरा सरकून बसल्या.

परळीत माझी जिम आहे, पंधरा वर्षं झाली. त्याआधी तालमीत होतो आणि जिममध्येही तालमीतलंच शिकवत आलो. वस्ताद सांगेल ते करायचं, कारण विचारायचं नाही. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र होतं. ते एका शिबिरातलं. मी जेवणाच्या वेळेला पोचलो, फोटोला उभा राहिलो आणि चार वाजता कागद घेऊन परतलो. लोक म्हणायचे, आमचा वस्ताद सर्टिफाइड हाय. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

गावात नवी जिम निघाली, तिथल्या पोरांकडे खरी प्रमाणपत्रं होती, माणसं तिकडे वळू लागली, तेव्हा मी लातूरला जिम-ट्रेनरच्या शनिवार-रविवारच्या वर्गाला नाव घातलं. कबूल करतो, शिकायला नाही, कागद आणायला गेलो होतो.

पहिल्याच दिवशी माझ्या मुलीच्या वयाच्या शिक्षिकेने एक फॉर्म वाटला. माणसाने वजनाला हात लावण्याआधी तो भरून घ्यायचा. बीपी आहे का? गोळ्या कोणत्या? छातीत कधी दुखलं? व्यायाम करताना कधी चक्कर आली? मी पंधरा वर्षांत यातलं काही विचारलं नव्हतं. नव्या कामाच्या सुरुवातीला आजाराचं नाव काढणं आमच्याकडे अशुभ. मी नारळ फोडायचो आणि डंबेल हातात द्यायचो.

दुसऱ्या शनिवारी श्वासाचा पाठ झाला. वजन उचलताना श्वास सोडायचा. कोंडून धरला तर रक्तदाब एकदम चढतो आणि जोर सोडताच झपकन उतरतो. माणूस भोवंडून पडू शकतो. बीपीवाल्याला तर यात फारच जपायचं. माझं पेन थांबलं. "श्वास कोंडा, मग उचला," हे मी ओरडून ओरडून शिकवलेलं वाक्य. आणि मला आप्पा आठवले.

आप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान. साठीला टेकलेले, पण माझ्याकडे नेमाने येणारे. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी बार खाली ठेवता ठेवता ते कोसळले. हनुवटी फुटली, तीन टाके पडले. सगळे धावले. कुणी काही विचारायच्या आत मी बोलून गेलो, "उपास होता त्यांचा. रिकाम्या पोटी आलते."

आप्पा मिसरूड फुटायच्या आधीपासून सोमवार धरत होते. सकाळी वैजनाथाचं दर्शन, मग दिवसभर उपास. माझ्या त्या एका वाक्याने तो सुटला. त्यांची बायको, आमच्या काकू, दर सोमवारी समोर बसून त्यांना पोळी खायला लावायच्या. "उपासानं मला कधीच भोवळ आली न्हाई," असं ते सांगत राहिले. पण वस्तादच म्हणाला होता ना. त्यांनी जिम सोडली, तरी मी दुकानावरून जाताना तेच मला चहाला हाक मारायचे. मी तो चहा प्यायचो.

हे सगळं मनात असताना मला शिकायचा आनंद व्हावा याचीही लाज वाटायची. पण होत होता, खोटं कशाला सांगू? शनिवारी गजराआधी जाग यायची. गुडघा आत का वळतो, कंबर कुठे दगा देते, ज्या गोष्टी मी हातांनी चाचपल्या होत्या त्यांना आता कारणं मिळत होती. घरी बायकोला म्हटलं, "पोळी लाटताना तुझा उजवा खांदा वर चढतो."

"चढू दे. तू लाटतोस का?"

पास झालो. प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख होती. दोन वर्षांनी पुन्हा शिकायचं, पुन्हा परीक्षा. बायको म्हणाली, "दुधाच्या पिशवीवर असती तशी तारीख." मला मात्र तीच सगळ्यात आवडली. जुन्या कागदावर तारीख नव्हती. तो आयुष्यभर खोटा राहू शकत होता.

तो मी चौकटीतून काढला. नवा लावण्याआधी एक कोरा फॉर्म घेऊन आप्पांच्या दुकानात गेलो. काकू गल्ल्यावर होत्या.

"आप्पा, एक फारम भरायचाय."

"कशाचा बे? मतदार यादीचा?"

त्यांनी चष्मा लावला. बीपीची गोळी? आठ वर्षांपासून.

"मला कधी बोलला न्हाईत."

"तू कधी इचारलंस?"

पुढे चक्करीचा प्रश्न आला. पेन थांबलं. "इथं काय लिहू? उपास?"

मी फॉर्मवर बोट ठेवलं. "न्हाई आप्पा. लिहा, शिकवणाऱ्यानं श्वास कोंडायला लावला. उपासाचं मी माझ्या मनानं सांगितलतं. माझ्यावर येऊ नये म्हणून."

आप्पांनी हनुवटीवरचा व्रण चोळला. "दोन वर्सं, बे," एवढंच म्हणाले.

काकू माझ्याकडे वळल्या. "वस्ताद, दोन वर्सं म्या या मानसाला सोमवारी जबरीनं जेवू घातलं. पाप कुनाला लागंल?"

"मला."

"लागू दे," काकू म्हणाल्या आणि आतून चहा आणायला गेल्या.

पूर्वीचा मी लगेच म्हणालो असतो, करा उपास, काही होत नाही. आता म्हणालो, "आधी डॉक्टरला इचारा. उपासाचं बी आणि व्यायामाचं बी. माझ्या प्रमाणपत्रात ते बसत न्हाई."

डॉक्टरांनी गोळीची वेळ ठरवून दिली, पाणी भरपूर प्यायला सांगितलं आणि दोन्हीला होकार दिला. पुढच्या सोमवारी आप्पा मला देवळाच्या पायऱ्या उतरताना दिसले. कपाळावर भस्म, हातात बेलाची पानं.

"आज न्हाई येत. उपास हाय," ते जरा मोठ्यानेच म्हणाले.

"उद्या या."

"श्वास कोंडायचा का सोडायचा?"

"सोडायचा, आप्पा."

"बघ बे. परत बदलंल तुझं."

"दोन वर्सानं परीक्षा हाय. बदललं तर आधी तुमाला येऊन सांगीन."